चहाचं पाणी की मसाल्याचं तेल? कशात काय मुरवायचं

प्रश्न असा आहे: दूध, लोणी, तूप, अंडी, मांस यांतलं काहीही न वापरता स्वयंपाक करायचा आहे. पदार्थ सपक होऊ नयेत म्हणून चहा, हर्ब्स आणि मसाले गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यात भात, सूप, सॉस, पुडिंग करून पाहिलं. पण एक तर वास कुठल्या कुठे जातो, नाहीतर सगळं कडू आणि तुरट होतं. हिबिस्कसचं, म्हणजे लाल अंबाडीच्या सुक्या बोंडांचं पाणी सोया दुधात घातलं तर दूधच फाटलं. "किती घालायचं आणि किती वेळ ठेवायचं, एवढं नेमकं सांगा."

प्रमाण आणि वेळ दोन्ही पुढे देते. पण तुमचं वर्णन वाचून मला मूळ अडचण वेगळी दिसते. तुम्ही सगळंच पाण्यात भिजवताय. चहा पाण्यात, लवंग पाण्यात, हळद पाण्यात, बेसिलची पानंही पाण्यात. यातल्या काही गोष्टी पाण्याला भरभरून देतात आणि काही जवळजवळ काहीच देत नाहीत. जी देत नाही ती उतरावी म्हणून आपण आणखी उकळतो. मग हवा तो वास येत नाही आणि नको तो कडूपणा तेवढा येतो. म्हणून आधी कशात मुरवायचं ते ठरवा. ते ठरलं की किती आणि किती वेळ हे प्रश्न बरेच सोपे होतात.

माझे आकडे तुमच्या स्वयंपाकघरात जसेच्या तसे लागू पडतील असं नाही. चहा अख्ख्या पानांचा आहे की बारीक भुकटीचा, मसाला यंदाचा की डब्यात विसरलेला, तुमच्या पाण्यात क्षार किती, पातेलं पसरट की उभट, या सगळ्याने फरक पडतो. बारीक चहा अख्ख्या पानांच्या निम्म्या वेळात तेवढाच उतरतो. क्षार जास्त असलेल्या पाण्यात चहाचा वास दबतो आणि वर साय आल्यासारखा थर धरतो. आकडे सुरुवातीला धरा, पण दर मिनिटाला चमचाभर चाखत जा.

आता पाण्यापासून सुरुवात करू. अर्क दाट हवा असेल तर पानं वाढवायची, वेळ वाढवायचा नाही. चहातले वासाचे हलके घटक पहिल्या काही मिनिटांतच उतरतात. टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे घटक, त्यानंतरही उतरतच राहतात, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. त्यामुळे चौथ्या मिनिटानंतर तुम्ही जे मिळवता तो बहुतेक तुरटपणाच असतो. प्यायच्या चहाला २०० मिली पाण्यात २ ग्रॅम पानं ठीक असतात. स्वयंपाकात मात्र भात, डाळ, बटाटा यांतला स्टार्च वास दाबतो, म्हणून मी ५०० मिली पाण्याला ८ ते १० ग्रॅम पानं घेते. काळ्या चहासाठी पाणी उकळून अर्धा मिनिट थांबायचं, पानं घालायची आणि झाकून ३ ते ४ मिनिटं ठेवायची. हिरव्या चहाला ७० ते ८० अंश सेल्सिअसचं पाणी आणि २ मिनिटं. मग गाळायचं. गाळणीतली पानं चमच्याने दाबून पिळू नका. शेवटचे ते चार थेंब सगळ्यांत तुरट आणि गढूळ असतात.

वेळ हाताशी असेल तर गार पाणी हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. तेवढीच पानं गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ८ ते १० तास. चहातलं थिॲनिन हे अमिनो आम्ल गार पाण्यातही उतरतं, टॅनिन मात्र बरंच कमी उतरतं. असा अर्क गोडसर आणि गोल चवीचा येतो. थंड सूप, सॅलडचं ड्रेसिंग, सरबत, जेली यांसाठी मी दुसरं काही वापरतच नाही. काळ्या चहाचा गरम काढलेला दाट अर्क थंड झाला की ढगाळ होतो, कारण त्यातलं कॅफीन आणि पॉलीफेनॉल (टॅनिन याच गटातलं) एकमेकांना धरून बसतात. जेली पारदर्शक हवी असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा गार अर्कच बरा.

पानं आणि फुलं झाकून मुरवायची, पण साल, मूळ आणि कडक बिया यांचा काढाच करावा लागतो. दालचिनीचा तुकडा, चक्रीफूल, आल्याच्या चकत्या, ठेचलेले धणे हे मंद आचेवर, झाकण ठेवून १० ते २० मिनिटं. झाकण महत्त्वाचं आहे. स्वयंपाकघरात जो छान वास दरवळतो तो पातेल्यातून गेलेला असतो. दालचिनी अख्खीच घ्या, पूड पाण्यात उकळली की बुळबुळीत होते आणि ती कशानेही गाळून निघत नाही.

आता मुख्य मुद्दा. मसाल्यांचा बराचसा वास तेलकट घटकांमध्ये असतो, आणि ते घटक पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगले विरघळतात. हळदीचं कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, नुसतं तरंगतं आणि तळाशी बसतं. मिरचीचा तिखटपणा आणि तिचा लाल रंग दोन्ही तेलात उतरतात. वेलची, जिरं, मिरी, बडीशेप यांचंही तेच. लवंग थोडी वेगळी आहे. तिच्यातलं युजेनॉल पाण्यात थोडंच विरघळतं, पण ते इतकं जोरकस असतं की तेवढंही पुरतं, कधीकधी जास्तच होतं. अर्धा लिटरला दोन लवंगा पुष्कळ. उलट केशराचा रंग देणारं क्रोसिन पाण्यात विरघळणारं आहे. केशर तेलात घातलं की रंग फारसा सुटत नाही आणि महागाची काडी वाया जाते. ते चमचाभर कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटं भिजवा आणि पाण्यासकट घाला.

म्हणजे एकाच पदार्थात दोन अर्क लागतात, एक पाण्यातला आणि एक तेलातला. माझ्या रोजच्या कामात हाच पाया आहे. सूप करायचं असेल तर हर्ब्सचं किंवा चहाचं पाणी वेगळं काढते, मसाल्याचं तेल वेगळं करते, आणि दोन्ही शेवटी भेटतात. मसाल्याचं तेल करायला फोडणीइतकी आच नको. फोडणीत मसाला भाजला जातो, ती चव वेगळी आणि तीही हवीच असते. इथे मात्र मुरवायचं आहे: तेल ६० ते ७० अंशांवर, बोट लावलं तर पटकन काढावंसं वाटेल इतपत गरम, त्यात ठेचलेले मसाले ३० ते ४० मिनिटं. थर्मामीटर नसेल तर पाण्याच्या गरम पातेल्यात तेलाची वाटी ठेवा.

आता जी गोष्ट फार कमी लोक करून पाहतात ती सांगते: चहासुद्धा तेलात मुरवता येतो. चहाचे वासाचे घटक तेलात जातात आणि टॅनिन जवळजवळ जात नाही, कारण ते तेलात विरघळत नाही. म्हणजे तुमची तुरटपणाची तक्रार मुळातच मिटते. १०० ग्रॅम नारळाचं तेल किंवा कोको बटर, त्यात ५ ते ६ ग्रॅम कोरडी चहाची पानं, मसाल्याच्या तेलासारखंच ६० ते ७० अंशांवर अर्धा तास, मग बारीक गाळणीतून गाळायचं. पानं पूर्ण कोरडी हवीत. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा वास दिलेला अर्ल ग्रे, जाईचा चहा आणि धुराचा चहा या तिन्हींसाठी ही पद्धत फार चांगली चालते. या नारळाच्या तेलात केक केला की चहाचा वास येतो आणि जिभेला कोरड पडत नाही.

धुराच्या चहावर थोडं थांबते, कारण मांसाशिवायच्या स्वयंपाकात तो फार उपयोगी पडतो. लापसांग सूचाँग हा चीनच्या फूज्यान प्रांतातल्या वूयी डोंगरांतला काळा चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. मसूर, राजमा, भाजलेलं वांगं, मशरूम यांना त्याच्यामुळे धुरकट खोली येते. पण तो एकटा घालून पदार्थ पूर्ण होईल अशी अपेक्षा ठेवू नका. चहा आणि हर्ब्स वास देतात, कडूपणा देतात, रंग देतात. पदार्थाला अंग देत नाहीत. मांसाच्या रशात जे भरीव काहीतरी असतं ते उमामीतून (रशाची, मशरूमची ती खोल, तोंडात रेंगाळणारी चव), स्निग्धतेतून आणि मिठातून येतं, आणि ते आपल्याला दुसरीकडून आणावं लागतं. मी सुकं शिटाके मशरूम आणि कोंबू समुद्रशैवाल गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवते. कोंबूत उमामी देणारं ग्लुटामेट असतं, जे १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी त्यातून वेगळं काढलं. शिटाकेत ग्वानिलेट हा उमामीचाच दुसरा घटक असतो. ही दोन्ही एकत्र आली की उमामी नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त जाणवते. हे पाणी तयार असलं की मग त्यावर धुराच्या चहाचे तीन-चार चमचे पुरतात. तुमची सूप सपक होण्याचं एक कारण हेही असावं: वास होता, पण त्याला टेकायला खाली काही नव्हतं.

आता दुधाचं. गायीच्या दुधात चहा का चालतो? त्यातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं आणि तुरटपणा जिभेपर्यंत कमी पोहोचतो. दूध गेलं की हे कवच जातं, आणि जुन्या पाककृतीतला चहा अचानक कडू वाटायला लागतो. वनस्पतींच्या दुधांमध्ये सगळ्यांत जवळ सोया दूध. त्यात साधारण ३ टक्के प्रथिनं असतात आणि तीही टॅनिनला बऱ्यापैकी धरतात. बाजारातल्या बदामाच्या दुधात प्रथिनं बहुधा १ टक्क्याच्या आतबाहेर, त्यामुळे तिथे चहा उघडा पडतो. बदामाच्या दुधाशी मी काळा चहा टाळते आणि गार पाण्यात काढलेला हिरवा चहा किंवा रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा चहा) घेते. ओटच्या दुधात स्वतःचा गोडवा आणि दाटपणा असतो, भाजक्या वासाचा होजिचा हा जपानी हिरवा चहा त्याच्याशी छान जमतो, फक्त ते फार उकळलं की चिकट होतं.

नारळाचं दूध या कामासाठी मला सगळ्यांत आवडतं. घट्ट नारळाच्या दुधात २० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतेक पाणी. म्हणजे पाण्यात उतरणारं आणि तेलात उतरणारं, दोन्ही एकाच पातेल्यात मिळतं. गवती चहा, वेलची, आलं, चक्रीफूल, लिंबाची सालं हे सगळं त्यात उतरतं. उकळी येऊ न देता गरम करायचं, मसाले घालायचे, आच बंद करून झाकून २० मिनिटं ठेवायचं. जोरात उकळलं तर तेल वेगळं सुटतं. ते वाईट नाही, पण पुडिंगमध्ये शोभत नाही.

तुमचं सोया दूध फाटलं ते आंबटपणामुळे. हिबिस्कसचा अर्क चांगलाच आंबट असतो, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३ च्या आसपास किंवा त्याहून खाली जातो. सोयाचं प्रथिन पीएच साडेचारच्या जवळ आलं की एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि दूध गरम असेल तर लगेच. लिंबू घालून टोफू करतात तेव्हा हेच घडवून आणतात. त्यामुळे प्रमाण कमी करून, हळूहळू ओतून हे टळेल असं मला वाटत नाही. हिबिस्कसचा साखर घालून दाटसर पाक करा आणि सोया दुधाच्या पुडिंगवर वरून ओता. एकत्रच हवं असेल तर नारळाचं दूध घ्या, दोन्ही गार करून मिसळा. काळा चहा एवढा आंबट नसतो, पण दूध उकळतं असेल तर तोही कधीकधी सोया दूध फोडतो. चहाचा अर्क थोडा निवू द्या, दूध कोमट ठेवा, आणि अर्कात दूध न ओतता दुधात अर्क ओता. जाता जाता, हिबिस्कस किंवा गोकर्णाचा रंग केकमध्ये हवा असेल तर खाण्याच्या सोड्याला सांभाळा. सोडा लागला की हिबिस्कसचा लाल रंग निळसर-करडा होतो, गोकर्णाचा निळा हिरव्याकडे झुकतो.

इथवर तीन गोष्टी झाल्या: पाण्यात वेळ न वाढवता मात्रा वाढवायची, तेलकट वासाचे मसाले आणि शक्य तिथे चहाही तेलात मुरवायचा, आणि दूध निवडताना प्रथिनं आणि आंबटपणा पाहायचा. आता अर्क पदार्थात घालायचा कधी, ते पाहू. बहुतेकांचा वास तिथेच हरवतो.

चहाच्या पाण्यात सॉस आटवू नका. आटताना वास उडून जातो आणि टॅनिन तेवढंच राहून दाट होतं, म्हणजे नेमकं उलटं काम होतं. आधी सॉस साध्या पाण्यात किंवा भाज्यांच्या पाण्यात हव्या त्यापेक्षा थोडा जास्त आटवा, मग आच बंद करून दाट अर्काने सैल करा. सूपमध्येही अर्क शेवटच्या दोन मिनिटांत. भात मात्र अपवाद आहे, त्याला पाणी शोषायचंच असतं. तिथे नेहमीच्या पाण्याऐवजी तेवढाच अर्क घ्या, पण मीठ थोडं सढळ हाताने. मिठाने कडूपणा दबतो, चिमूटभर साखरेनेही. जाईचा चहा आणि होजिचा भातात चांगले लागतात. हिरवा चहा शिजता शिजता फिका आणि कडवट होतो, म्हणून मी तो शिजलेल्या भातावर ओतते.

कडधान्यं आंबट अर्कात शिजत घालू नका. आंबटपणामुळे दाण्याच्या पेशी बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर सैल होत नाही आणि राजमा तासन् तास कडक राहतो. हिबिस्कस, चिंच, लिंबू, टोमॅटो जे काही असेल ते दाणे पूर्ण मऊ झाल्यावर घाला.

ताज्या हर्ब्सचे दोन गट करा. रोझमेरी, थाइम, तमालपत्र अशी कडक पानं उष्णता सोसतात, ती सुरुवातीपासून टाका. बेसिल, पुदिना, कोथिंबीर, पार्सली अशी मऊ पानं आचेवर मरतात. त्यांचं हिरवं तेल करावं. पानं उकळत्या पाण्यात १० ते १५ सेकंद बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, कापडात घट्ट पिळून पूर्ण कोरडी करा. मग दुप्पट वजनाच्या, स्वतःचा वास नसलेल्या तेलात बारीक वाटून कापडातून गाळा. उकळत्या पाण्याने पानं काळी पाडणारे एन्झाइम निष्क्रिय होतात आणि हरितद्रव्य तेलात उतरतं. हे तेल पदार्थावर ताटात वाढताना घाला. लिंबाबरोबर ते फार वेळ ठेवलं तर आंबटपणाने हिरवा रंग मळकट होतो.

आणि याच तेलाबद्दल एक गोष्ट मी अगदी गंभीरपणे सांगते. ताजी पानं, लसूण, आलं किंवा मिरची घातलेलं तेल ओट्यावर ठेवू नका. तेलात हवा पोहोचत नाही, ओलाव्यात आंबटपणा नसतो, आणि क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला नेमकं असंच वातावरण लागतं. त्याचं विष जिवावर बेतू शकतं आणि तेलाला वास किंवा चव बदललेली असेलच असं नाही. असं तेल ४ अंशांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पूर्ण सुक्या मसाल्यांच्या आणि सुक्या चहाच्या तेलात पाणी नसल्यामुळे हा धोका फार कमी असतो, पण गाळून घेतलेलं बरं. पाण्यातले अर्कही दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण फक्त वनस्पतींवर जेवणाऱ्यांसाठी हेही महत्त्वाचं आहे. डाळी, पालेभाज्या, टोफू यांतलं लोह शरीरात आधीच कमी शोषलं जातं, आणि चहातले पॉलीफेनॉल ते आणखी कमी करतात. चहा कपात असो की पातेल्यात, परिणाम तोच. म्हणून ज्या जेवणातून तुम्हाला लोह मिळवायचं आहे, त्या जेवणात मी काळा किंवा हिरवा चहा वापरत नाही. तिथे गवती चहा, आलं, वेलची असे साधे मसाल्याचे अर्क घ्या आणि वरून कच्चं लिंबू पिळा. क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करतं, आणि ते उष्णतेने घटतं म्हणून लिंबू शेवटी. चहाचे प्रयोग पुडिंग, केक, सरबत यांच्यात करा, तेही जेवणापासून तासभर दूर.

कॅफीनही शिजवून जात नाही. सुक्या काळ्या चहाच्या पानांत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं. १० ग्रॅम पानांचा भात चौघांनी खाल्ला तरी प्रत्येकाच्या पोटात कपभर चहाएवढं कॅफीन जातं. लहान मुलं जेवणार असतील किंवा रात्रीचं जेवण असेल तर रूइबॉस घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सीडरबर्ग डोंगरांत वाढणाऱ्या या झुडपात कॅफीन नसतं आणि टॅनिनही कमी असतं, त्यामुळे तो १० मिनिटं उकळला तरी कडू होत नाही. जेष्ठमध मात्र रोजच्या अर्कात नको, विशेषतः घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर. त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढतो.

पहिला प्रयोग कुठला करू असं विचाराल तर अर्ल ग्रे आणि नारळाचं दूध. ४०० मिली घट्ट दूध उकळीच्या अलीकडे आणून आच बंद करा, ६ ग्रॅम पानं घाला, झाकण ठेवा. तीन मिनिटांनी चाखा, मग दर मिनिटाला. जीभ कोरडी पडायला लागली की त्याच क्षणी गाळा आणि किती मिनिटं झाली ते लिहून ठेवा. तुमच्या चहाची वेळ तीच.